तोंड धुऊन ये

११ जानेवारी १९५४

आज जेवताना मला मीठ मिळालं नाही. मागता आलं नाही म्हणून! आमटी अळणी झालेली, मिठाचं भांडं ह्यांच्या ताटाशेजारी, आणि मी आपली बोट दाखवत बसलेय. हे मुद्दाम बघेनात. शेवटी हेमा ओरडली, "बाबा, आईला मीठ हवंय!" तर मीठ राहिलं बाजूला, तिच्यावरच डोळे वटारले. "नो मराठी ॲट टेबल!" टेबल कुठलं? पाटावर बसलो होतो आम्ही!

झालंय असं की सरकारने फतवा काढलाय. ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी, त्यांचीच मुलं यापुढे इंग्रजी शाळेत घ्यायची. आणि आमच्या हेमाला तर जूनमध्ये इथे ठाण्यातच कॉन्व्हेंटला घालायचं पक्कं ठरलेलं. मी म्हटलं, जाऊ दे, म्युनिसिपालिटीची शाळा काय वाईट आहे? आज सकाळी दाढी करता करता हे म्हणाले, "अगं, मग आपल्या घरची भाषा इंग्रजी! झालं!" जसे काही घरातले पडदे बदलायचेत.

१२ जानेवारी

नियम एकच. हेमाच्या कानावर घरात मराठी पडायचं नाही. शाळेतली सिस्टर तिच्याशी बोलून बघणार, तेव्हा पोरीच्या तोंडून फाडफाड इंग्रजी यायला हवं. हे तिच्याशी इंग्रजीतच बोलणार, फोर्टातल्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीत इतकी वर्षं काढलीत. आणि मी? मी विचारलं, मला येत नाही, मी काय करू? म्हणाले, "तू आपली गप्प बस."

मी — आणि गप्प! माहेरी भाऊ म्हणायचा, सुमी झोपेतसुद्धा वाद घालते.

पण खरं सांगायचं तर मलाही हवंय हे. मी मराठी सातवीच्या फायनलला कल्याण केंद्रात पहिली आले. पुढे काय? दोन वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरीण, मग लग्न, मग पोळपाट. इंग्रजी नाही म्हणून मॅट्रिक नाही, मॅट्रिक नाही म्हणून काहीच नाही. हेमा डॉक्टर झाली पाहिजे. त्यासाठी मी तोंडाला कुलूप लावीन, बघाच!

मास्तरीण मात्र मी कडक होते हं. एखादी मुलगी "पानी" म्हणाली की बोट दाराकडे. "जा, तोंड धुऊन ये!" ती नळावर जाऊन चूळ भरून यायची आणि "पाणी" म्हणायची. वर्ग हसायचा. पण दोन वर्षांत माझ्या वर्गात एकीचा 'ण' चुकत नव्हता.

१४ जानेवारी

संक्रांत. आजच्या दिवस नियमाला सुट्टी, मीच मागून घेतली.

हेमा चांदीच्या वाटीत तिळगूळ घेऊन सगळी चाळ फिरली. पाच वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा असा की शुभदावहिनी म्हणाल्या, "हिला वकील करा हो!" प्रत्येकाच्या दारात "तिळगूळ घ्या, गोड बोला!" आणि वर, "तुम्ही मागच्या वर्षी मला छोटा दिला होता, यंदा मोठा द्या!" लाजच नाही.

ठमाबाई भांडी घासायला आली. कोपरी गावची आहे, नवरा मिठागरावर. हेमा तिच्यापुढेही वाटी घेऊन गेली. तिने मिश्रीचं बोट पदराला पुसलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "तिलगुल दे गो बाय, गोर बोल." तर ही कमरेवर हात ठेवून, "गोर नाही, गोड! म्हण, गो-ड!" ठमाबाई हसून लोटपोट. मी आत तोंडाला पदर लावून हसले. माझीच लेक!

२ फेब्रुवारी

गप्प राहून डोकं उठलंय.

१७ फेब्रुवारी

हायकोर्टाने फतवा मोडला! शुभदावहिनींच्या ह्यांनी पेपर दाखवला. मी लगेच शिरा केला, म्हटलं संपलं नाटक. हेमाला मांडीवर घेऊन तिच्याशी पोटभर बोलून घेतलं. दोघींनी नुसता गोंधळ घातला.

संध्याकाळी हे आले. शिरा खाल्ला. म्हणाले, "सरकार दिल्लीला अपील करणार. थांब. सोडू नकोस एवढ्यात." शिरा फुकट गेला.

९ मार्च

स्वयंपाकघरातल्या अर्ध्या वस्तूंना इंग्रजीत नावच नाही. भाकरीला ब्रेड. पोळीलाही ब्रेड. ब्रेडलाही ब्रेड! आज हेमाने दूध आटवलेल्या कढईतली खरवड दाखवून विचारलं, "डॅडी, व्हॉट इज धिस?" हे बराच वेळ खरवडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बर्न्ट मिल्क." मला हसू आवरेना, मोरीत जाऊन हसले. तिथेही आवाज न करता.

शुभदावहिनी जिन्यात भेटल्या. "काय हो, लंडनहून कधी परतलात?" म्हटलं, बोटीत जागा मिळाली की परतू. त्यांना नाही कळायचं.

१० एप्रिल

आज शाळेत बोलावलं होतं. मी नारळी पदराची साडी नेसले. ह्यांनी वाटेत बजावलं, "काही विचारलं तर यस सिस्टर म्हण. बाकी हसत राहा."

हेमाने झकास उत्तरं दिली! सिस्टर गोरीपान, म्हातारी, डोळे निळे. हेमा तिच्याकडे बघून न घाबरता बोलत होती. नाव, वय सांगितलं, बोटं मोजून दाखवली, खिडकीबाहेरचं झाड दाखवलं. छाती भरून आली माझी. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी कळत होतं की ही कुठे अडत नाही.

मग सिस्टर माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "यस सिस्टर." ती अजून काही बोलली. "यस सिस्टर." तिने कपाटातून एक पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली! बाहेर आल्यावर ह्यांनी सांगितलं. तिने विचारलं होतं, तुम्ही गप्प का, घसा बसलाय का? फार दुखतोय का?

मी रस्त्यात खो खो हसले. तलावपाळीवर बाकावर बसून गोळी चोखली. हेमाला अर्धी देत होते, तर म्हणाली, "नो, थँक यू, ममी."

थँक यू! आईला!

२७ मे

दिल्लीचा निकाल लागला. फतवा रद्द. हेमाचं नाव तर आधीच लागलंय. म्हणजे आता कोणाला काही दाखवायचं नाही, कोणी विचारायचं नाही.

मी म्हटलं, "अहो, मग आता पुरे ना?"

ह्यांनी कोट खुंटीला लावला. मग म्हणाले, "अगं, कचेरीत परवा हेडक्लार्कची जागा भरली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला मिळाली. मला इंग्रजी लिहिता येतं, त्याच्यापेक्षा चांगलं येतं. पण साहेबासमोर बोलायची वेळ आली की आधी मनात मराठी येतं. मग ते मी इंग्रजीत उलथवतो. तोवर तो पोरगा बोलून मोकळा होतो. हेमाच्या मनात ते येऊच नये."

आठ वर्षांत ह्यांनी कचेरीतली गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली. मी म्हटलं, "बरं. चालू ठेवू."

१४ जून

शाळा सुरू. निळा फ्रॉक, पांढरे मोजे. मी दारातून हात हलवला. "बाय बाय" म्हटलं, एवढं येतं मला.

नेण्याआणण्याचं काम ठमाबाईला दिलंय. तिला बजावलं, वाटेत पोरीशी मराठी बोलायचं नाही. तर ती कमरेला पदर खोचून म्हणते, "मंग कनचं बोलू, वैनी? मना काय विंग्रजी येतंय?" हे आत बूट चढवत होते. हसून म्हणाले, "बोलू दे गं तिला. तिचं बोलणं कुठे मराठी आहे!" मीही हसले. खरंच की. ते काय मोजायचं!

३ जुलै

आज हेमाशी बोलले — कम. ईट. नो. स्लीप.

११ जुलै

अंगात नुसती वळवळ चाललीय. रविवार, दोघं बापलेक पाटीवर चित्रं काढत होते. "कॅट. रॅट." मी वाटण वाटत होते. वाटता वाटता तोंडात शब्द येतात आणि गिळावे लागतात. अगं हेमे, मांजर बघ कशी ताणून झोपलीय खिडकीत. अगं, तुझ्या वेणीत काय अडकलंय ते. एवढंसंच असतं, पण दिवसभर तेच तर बोलतो आपण. वरवंटा इतका जोरात ओढला की हे म्हणाले, "काय झालं?"

"नथिंग," म्हटलं.

३० जुलै

हेमा शाळेतून येते, दप्तर ठेवते, दूध पिते. विचारावं वाटतं, आज काय झालं गं? कोणी मारलं का? डब्यातलं थालीपीठ आवडलं का? कशाने विचारू? नुसती तोंडाकडे बघते. ती पण बघते. मग मागच्या अंगणात पळते.

१९ ऑगस्ट

आज काय ऐकलं!

मागच्या अंगणात ठमाबाई भांडी घासत होती. हेमा शेजारी उकिडवी बसलेली. मी ओलं धुणं घेऊन दाराशी आले आणि तिथेच थांबले. पोरीची टकळी चालू होती. संक्रांतीला होती ना, तशी! पण ठमाबाईच्या बोलीत. "ती टीचर बरी नाय. मना कोपऱ्यान उबी केली. मी काय बी नाय केला! मी रडली पन नाय." आणि ठमाबाई राख लावता लावता, "अगो माजे बाय! मंग? मंग काय झाला?"

मंग, मंग, मंग. सगळं सांगत होती. डबा कोणी सांडला, कोण मुलगी चिमटे काढते, शाळेच्या कुंपणापलीकडे कोणाचा घोडा बांधलेला असतो. आणि घोड्याला "घोरा"!

मी धुणं तसंच घेऊन आत आले. पोरीला कोपऱ्यात उभं केलं होतं. कधी? मला कोणी सांगितलं? मला!

नुसती जळले. लिहून टाकते, जळले. कोपरीच्या बाईवर. सुचेना काही, ओलं धुणं खाटेवरच टाकलं.

२० ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "लहान आहे, विसरेल. इंग्रजी बघ की कसं सुधारतंय!"

ह्यांना काहीच कळत नाही. आणि मला तरी काय कळतंय? राग कशाचा आलाय — अशुद्ध बोलते याचा, की माझ्याशी बोलत नाही याचा?

१ सप्टेंबर

गणपती बसले. सकाळपासून घरात माणसांचा राबता, हेमा हरखलेली. आरतीला चाळीतल्या सगळ्या बायका. शुभदावहिनी, त्यांची पाहुणी आलेली पुण्याची नणंद, सगळ्या. मी मोदकांचं ताट घेऊन उभी. तेवढ्यात हेमा गर्दीतून वाट काढत आली, माझ्या निऱ्यांना लोंबकळली, आणि मोठ्यांदा म्हणाली, "आये, मना मोदक दे गो!"

सगळं घर हसलं. पुण्याची नणंद तर, "अगंबाई! हे कुठून शिकली?"

कानशिलं तापली माझी. ताट खाली ठेवलं, तिचं मनगट धरलं, मोरीकडे बोट दाखवलं. तोंडातून निघून गेलं ते माझं शाळेतलं, अगदी तसंच, "जा! तोंड धुऊन ये!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. गेली. तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, तोंड धुतलं. ओल्या तोंडाने परत आली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "वन मोदक प्लीज, ममी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी तिला उचलून घेतलं.

मी मोदक दिला. आता घरात निजानीज झालीय आणि मला तेच ऐकू येतंय. आये, मना मोदक दे गो. सहा महिन्यांत पोरगी माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली होती. आणि मी तिला तोंड धुवायला पाठवलं. कपाळ माझं!

२ सप्टेंबर

ठमाबाई काल मागच्या दाराशीच होती. सगळं ऐकलं तिने. आज भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "आमचा बोलना उष्टा हाय काय, वैनी?"

मी म्हटलं, तसं नाही गं. तर पदर खोचून निघाली. जाताना कपबशी फोडून ठेवलीन. मुद्दाम की काय कोण जाणे. तुकडे मीच उचलले.

९ सप्टेंबर

पाच-सहा दिवस ठमाबाई आलीच नाही. मीच हेमाला ने-आण केली. वाटभर दोघी गप्प. आज ठमाबाई उगवली, राख घेऊन बसली. हेमा अंगणात गेलीच नाही. खाटेवर पाय हलवत बसून राहिली.

२८ ऑक्टोबर

भाऊबीज. कल्याणला माहेरी गेलो. भाऊला ओवाळलं. त्याने हेमाला मांडीवर घेतलं, "काय गं, मामाला ओळखलंस का?" हेमा म्हणाली, "हॅलो, अंकल." झालं! भाऊ खूश, भावजय कलावती त्याहून खूश. शेजारच्यांना हाका मारून बोलावलं. पोरीला स्टुलावर उभं केलं, इंग्रजी कविता म्हणायला लावली. एक झाली, दुसरी झाली, तिसरी. लोक दाराबाहेर उभे. आवाज खणखणीत, एकही अडखळण नाही.

"सुमे," भाऊ म्हणाला, "तू पोरीचं सोनं केलंस."

मी हसले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! मग कलावतीने मायेने जवळ घेऊन विचारलं, "चकली हवी का गं राणी?" हेमा माझ्याकडे बघायला लागली, परक्या घरात आल्यासारखी. चकली हा शब्द विसरली? की कळला पण बोलायचं नाही? डोळ्यांवरून मला ओळखता येईना. स्वतःच्या पोरीच्या डोळ्यांवरून!

१९ नोव्हेंबर

हेमा दोन दिवस आजारी. पोट धरून पडलीय. विचारलं, नियम गेला चुलीत म्हटलं, मराठीतच विचारलं. "बाळ, काय होतंय? कळ येतेय का? मुरडा येतो? की ढवळतंय? जळजळतंय का नुसतं?"

"पेन," म्हणाली.

"कसं पेन गं? इथे? वर? थांबून थांबून येतं?"

"पेन, ममी."

डॉक्टरांनीही तेच विचारलं, मराठीत. हिचं आपलं पेन. ते मला म्हणाले, "आई, तुम्ही सांगा, तुम्हाला ठाऊक असेल." मला ठाऊक नव्हतं! ओव्याचा अर्क द्यावा की पोटावर हिंग लावावा, तेच समजेना. तिचं दुखणं तिच्यापाशी बंद, मी बाहेर उभी.

२० नोव्हेंबर

ह्यांनी रजा घेतली. सकाळी हेमाच्या उशाशी बसले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाळा, कुठे दुखतंय गं? सांग ना बाबाला." मराठीत!

मी दाराशी तशीच उभी राहिले. जानेवारीपासून ह्यांच्या तोंडून तिच्यासाठी हे पहिलं मराठी.

हेमा म्हणाली, "डॅडी, पेन."

हे उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

२४ नोव्हेंबर

पोटात जंत झाले होते. औषधाने उतार पडला, हिंडतेय. ह्यांनी जेवताना जाहीर केलं, "आता घरात मराठी बोलायचं. शाळेत काय ते इंग्रजी." आणि मोठ्यांदा म्हणाले, "सुमती, जरा मीठ वाढ!" मला हसू आलं आणि रडूही. मीठ वाढलं.

हेमा ताटात बघून जेवत होती.

५ डिसेंबर

नियम उठला, पण बोलणं कुठे आलंय? मी दिवसभर बोलते. हे संध्याकाळी बोलतात, चुकतमाकत, जणू हेच परभाषा शिकतायत. पोरगी सगळं ऐकते. समजतं तिला, वाटी आण म्हटलं की आणते. उत्तर मात्र इंग्रजीत, नाहीतर मान हलवते. काल गोष्ट सांगायला घेतली, आटपाट नगर होतं... "इंग्लिश, ममी," म्हणाली आणि कुशीवर वळली. मला इंग्रजीत कुठे येतेय गोष्ट!

१६ डिसेंबर

लाज सोडली. ठमाबाईजवळ मागच्या अंगणात जाऊन बसले, हेमा बसायची तिथेच. म्हटलं, "ठमाबाई, तू बोल गं तिच्याशी. पूर्वीसारखी. तुझ्याच बोलीत बोल. माझी काही हरकत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "मी दोन वेला बोलली, वैनी. पोर बोलत नाय. मना बगून हासते फकस्त." मग तांब्या पालथा घालत म्हणाली, "तुमचा धाक बसलाय तिला."

रागवायला हवं होतं. पण रागावणार कोणावर?

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. एकदाचं!

१३ जानेवारी १९५५

तीळ भाजले, गूळ चिरला. हेमा परातीशी बसून लाडू वळत होती. हाताला चटके बसत होते, तर "ऊ, ऊ" करायची, शब्द नाही. गेल्या वर्षीची संक्रांत आठवली. चाळभर फिरणारी ती पोर कुठे गेली? शुभदावहिनी म्हणतात, "शिस्त आली हो मुलीला." त्यांची जीभ ओढावीशी वाटली.

रात्री उरलेल्या गुळाचा पाक ढवळताना एक विचार आला. वेडा आहे. ह्यांना सांगितला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. नवी वाटी, नवा फ्रॉक. हेमाने आधी ह्यांना तिळगूळ दिला, मग दाराशी बसलेल्या ठमाबाईला, दोघांनाही मुक्याने. मग माझ्यापुढे वाटी धरून उभी राहिली. शुभदावहिनी उंबऱ्यात होत्या, असू देत! मी खाली बसले, हात पुढे केला आणि म्हटलं, "मना दे गो बाय, तिलगुल. गोर बोल."

हेमा डोळे मोठे करून बघत राहिली. मग वाटी खाली ठेवली, कमरेवर हात घेतले. मोरीकडे बोट केलं. आणि स्वच्छ, एक अक्षर न चुकता, माझ्याच आवाजात म्हणाली, "आई! असं बोलायचं नाही. जा, तोंड धुऊन ये!"

उठले. मोरीत गेले, चूळ भरली, तोंड धुतलं. ओल्या तोंडानेच तिच्यापुढे येऊन बसले. म्हटलं, "धुतलं. आता बोल."